आधी श्वास की आधी झटका?

तान्ह्या मुलाला घेऊन आलेली आई "डॉक्टर, बाळ झोपेत दचकतं हो" असे म्हणते, तेव्हा कोणताही बालरोगतज्ज्ञ नुसती मान डोलावून चिठ्ठी लिहायला घेत नाही. तो आधी विचारतो : झोप लागताना, गाढ झोपेत की जाग येताना? एकदाच की लागोपाठ? दोन्ही हात एकदम उचलले जातात की एकच? बाळाला जागे केले तर थांबते का? हे प्रश्न उपचारापुरते नसतात. केवळ झोपेत येणारे आणि जागे करताच थांबणारे हातापायांचे झटके नवजात अर्भकांत पुष्कळदा दिसतात. कोल्टर आणि ॲलन यांनी १९८२ मध्ये त्यांचे वर्णन केले. काही महिन्यांत ते आपोआप नाहीसे होतात; अपस्मार समजून औषधे सुरू केली तर लाभ होत नाहीच, उलट काही शामक औषधांनी ते वाढतात. याउलट, झोपेतून उठता उठता लागोपाठ येणारे, मान पुढे झुकवून सलाम केल्यासारखे दिसणारे झटके हे मेंदूवरील संकटाचे लक्षण असू शकते, आणि तेथे उपचाराला होणारा प्रत्येक दिवसाचा विलंब महाग पडतो. या दुसऱ्या प्रकाराचे वर्णन वेस्ट नावाच्या इंग्रज डॉक्टराने १८४१ मध्ये 'लॅन्सेट'ला पाठविलेल्या पत्रात प्रथम केले. तो रुग्ण म्हणजे त्याचा स्वतःचाच मुलगा होता. त्या काळी मेंदूचा आलेख नव्हता. घरातल्या माणसाने लक्ष देऊन पाहिले, एवढेच साधन होते.

हे सारे आठवण्याचे कारण असे, की गेल्या पावसाळ्यात मला स्वतःला झोप लागताना झटके येऊ लागले, आणि यातला एकही प्रश्न मला कोणी विचारला नाही. मी ज्यांच्याशी बोललो ते सर्व व्यवसायबंधू जाणकार आणि प्रेमळ. "अरे, काही नाही ते. सगळ्यांनाच होतं," असे प्रत्येकाने सांगितले. मीही स्वतःला तेच सांगितले. आणि तिसऱ्या आठवड्यात सी-पॅपचे यंत्र कपाटात ठेवून दिले.

यंत्र का आले, ते थोडक्यात सांगतो. माझ्या घोरण्याची कीर्ती इब्रामपुरात आमच्या वाड्यापलीकडे पोहोचली होती, परंतु घोरणे म्हणजे गाढ झोप, अशी आपल्या समाजाची समजूत आणि डॉक्टरही त्याच समाजातले. दवाखान्यातून परतताना एका संध्याकाळी गाडी रस्त्याकडेच्या चिऱ्यांच्या गडग्याला घासली. डोळे उघडे होते असे मी शपथेवर सांगितले असते. शेजारी बसलेली पत्नी मात्र म्हणाली, "तुम्ही झोपला होता." तपासणीत ताशी ३४ वेळा श्वास थांबतो किंवा उथळ होतो असे निघाले. ३० च्या वर आकडा गेला की विकार तीव्र समजतात.

हा विकार आता कोणाला अपरिचित राहिलेला नाही. १५ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री मुंबईत संगीतकार बप्पी लाहिरी गेले. त्यांच्या डॉक्टरांनी मृत्यूच्या कारणात झोपेतील श्वासरोधाचा उल्लेख केला, आणि दुसऱ्या दिवसापासून खेडोपाडी लोक 'स्लीप ॲप्निया' हा शब्द उच्चारू लागले. डॉक्टरांना तो त्याआधीच ठाऊक असायला हवा होता. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या मुंबईकर पुरुषांची पाहणी करून २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले होते : झोपेतील श्वसनाचे दोष १९.५ टक्के पुरुषांत, आणि दिवसाच्या पेंगेसह पूर्ण विकार ७.५ टक्क्यांत. आपल्याकडे अशी पाहणी झाल्याचे माझ्या वाचनात नाही. पण डिचोलीच्या खाणपट्ट्यात वर्षानुवर्षे टिपर चालविलेल्या, आता साठीला आलेल्या आजोबांना नातवासोबत माझ्या दवाखान्यात आल्यावर बाकावरच घोरताना मी पाहतो, तेव्हा मुंबईचे आकडे मला परके वाटत नाहीत.

यावरचा प्रमुख उपचार म्हणजे सी-पॅप. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी तो १९८१ मध्ये प्रथम मांडला. तोवर तीव्र रुग्णासाठी श्वासनलिकेला छिद्र पाडणे हाच खात्रीचा मार्ग होता. सलिव्हन यांनी घरातील धूळ ओढणाऱ्या यंत्राची मोटर उलटी वापरून नाकातून हवेचा दाब दिला आणि घसा उघडा ठेवला. तत्त्व इतके साधे आहे. त्या तत्त्वाला तोंडावर बांधून रोज रात्री झोपी जाणे मात्र साधे नाही.

आता त्या झटक्यांविषयी. दिवा मालवला, मास्क चढवला, यंत्राचा मंद आवाज सुरू झाला की सात-आठ मिनिटांत गुंगी येई. आणि नेमके त्या उंबरठ्यावर सर्वांग उडे. पायरी चुकून विहिरीत पाय पडावा तसे. छातीत धडधड, मास्क सरकलेला, हवेची शीळ वाजत असलेली. पुन्हा गुंगी, पुन्हा तेच. एका रात्री पत्नीने सहा वेळा मोजले. सातव्या वेळी मी मास्क काढून टाकला आणि पूर्वीसारखा घोरत झोपलो.

उंबरठ्यावरचा हा झटका निरोगी माणसालाही येतो. सर्वसाधारणपणे दहांपैकी सहा-सात जणांना आयुष्यात कधी ना कधी त्याचा अनुभव आलेला असतो. ब्रिटिश निद्रासंशोधक इयान ऑस्वल्ड यांनी १९५९ मध्ये त्याचा मेंदूच्या आलेखासह अभ्यास केला. जागेपणाची सूत्रे झोपेच्या हाती जाताना मेंदूच्या बुंध्यातून एखादी चुकार आज्ञा स्नायूंपर्यंत पोहोचते, अशी त्याची उपपत्ती सांगतात. जागरण, चिंता, उशिरा घेतलेली कॉफी, रात्रीचा जोरदार व्यायाम यांनी ते वाढतात. जत्रेत पहाटेपर्यंत दशावतार पाहून आलेला माणूस दुसऱ्या रात्री अधिक दचकतो, त्यात दैवी कोप काही नसतो. नव्याने यंत्र लावणाऱ्याकडे यातील बरीच कारणे आयती जमलेली असतात. वर्षांची साचलेली अपुरी झोप असते, तोंडावर पट्टे असतात, आणि 'आज तरी जमेल ना' ही धास्ती असते. शिवाय तो झोप आणि जाग यांच्या सीमेवरून एका रात्रीत अनेक वेळा ये-जा करतो, म्हणून दचकण्याची संधीही तितक्या वेळा येते. तेव्हा "सगळ्यांनाच होतं" हे म्हणणे खोटे नव्हते. ते अपुरे होते.

ते अपुरे आहे हे माझ्या लक्षात आणून दिले पत्नीने. ती डॉक्टर नाही. यंत्र कपाटात गेल्यावर दहा-बारा दिवसांनी ती म्हणाली, "अहो, तुमचे झटके दोन तऱ्हेचे होते. एकात आधी तुम्ही उडता आणि मग श्वास जोरात चालतो. दुसऱ्यात आधी श्वास बंद होतो, आणि मग तुम्ही उडता." मी विचारले, श्वास बंद झाला हे तुला कसे कळे? तिचे उत्तर मी कोणत्याही पाठ्यपुस्तकात वाचलेले नाही. मास्कला उच्छ्वास बाहेर जाण्यासाठी बारीक भोके असतात. श्वास चालू असताना त्यांचा आवाज चढ-उतार घेतो, आणि श्वास थांबला की तो एकसुरी होतो. मग मी तिला तो प्रश्न केला, जो मी घोरणाऱ्या मुलांच्या आयांना नेहमी करतो : "त्या वेळी पोट हलत होतं का?" ती म्हणाली, "हलत होतं. धडपडत होतं."

व्यवसायबंधूंनो, यात निदान पुरते आहे. पोट धडपडते आहे आणि हवा जात नाही, म्हणजे घसा मिटला आहे. यंत्र चालू असताना घसा का मिटावा? तर त्या यंत्राला रॅम्प नावाची सोय असते. नवख्याला त्रास होऊ नये म्हणून दाब ४ सेंटिमीटर पाण्यापासून सुरू होतो आणि हळूहळू वाढत पूर्ण दाबाला पोहोचायला पाऊण तासापर्यंत वेळ लावता येतो. माझा रॅम्प असाच लांबवर ठेवलेला होता. मला झोप लागत होती सात-आठ मिनिटांत. म्हणजे झोप पोहोचत होती आणि दाब मागे राहत होता. घसा मिटे, प्राणवायू उतरू लागे, मेंदू घाबरून जागा करी, आणि त्या जागे होण्यालाच मी 'झटका' म्हणत होतो. ज्याला मी उपचाराचा उपद्रव समजलो, तो उपचार सुरू होण्यापूर्वीचा माझा जुनाच रोग होता.

पोट स्तब्ध असते तर गोष्ट वेगळी. जागेपणी श्वास चालू ठेवायला जागेपणाचीच एक चालना असते. झोप लागताच ती निघून जाते आणि श्वासाची भिस्त मुख्यतः रक्तातील कार्बन डायऑक्साइडवर येते. तो जागेपणापेक्षा किंचित जास्त साचल्याशिवाय झोपलेला मेंदू श्वासाची आज्ञा देत नाही. घाबरून खोल श्वास घेतलेल्या, पुन्हा पुन्हा दचकून जागे होणाऱ्या माणसाच्या रक्तातून हा वायू धुतला गेलेला असतो. त्यामुळे झोप लागता क्षणी काही सेकंद आज्ञाच येत नाही, मग गचका बसून जाग येते, पुन्हा जोरात श्वास, पुन्हा वायू कमी. हे चक्र सी-पॅप सुरू केलेल्या काही रुग्णांत दिसते आणि बहुतेकांत ते काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरते. ओसरले नाही तर हृदयाची शक्ती तपासावी आणि अफूवर्गातील वेदनाशामके चालू आहेत का ते पाहावे. अशा वेळी 'अधिक भारी' यंत्र परस्पर विकत घेण्याचा मोह टाळावा, कारण श्वासागणिक दाब बदलणाऱ्या एका प्रकारच्या यंत्राने दुर्बळ हृदयाच्या रुग्णांत मृत्यू वाढल्याचे २०१५ मधील मोठ्या चाचणीत दिसले आहे.

पाय वारंवार उडणे, रक्तातील लोहाचा साठा कमी असणे, नैराश्यावरील काही औषधे, क्वचित रात्रीचा अपस्मार, ही कारणेही ध्यानात ठेवावीत. आणि पावसाळ्यात वीज गेली की यंत्र बंद पडून जीव घुसमटून येणारी जाग ही आपल्या गावची खास भर. तिच्यावर इन्व्हर्टर हेच औषध.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो मी माझ्या छातीविकारतज्ज्ञ मित्राकडून ऐकला आहे. यंत्रातील कार्डावर श्वासरोधाचा ताशी आकडा नोंदला जातो. तो ५ च्या खाली असेल तर उपचार यशस्वी, मग झटक्यांचे कौतुक कशाला? मला हा हिशेब मान्य नाही. समजा, पहिल्या अर्ध्या तासात १२ वेळा श्वास थांबला आणि त्यानंतर रात्रभर एकदाही नाही. सहा तासांच्या झोपेला भागले की ताशी आकडा येतो २. कागदावर उत्तम! पण तो अर्धा तास रुग्णाने कसा काढला, हे त्या २ मध्ये कुठे दिसते? आणि त्यातच कंटाळून मास्क काढणाऱ्याचा तर पुढचा आकडाच नोंदला जात नाही. सरासरी हा माणूस झोपेच्या दारातच अडकला असताना घरभर फिरून सर्व ठीक असल्याचे सांगते. दुसरे असे, की यंत्राला हवेचा प्रवाह कळतो, माणूस जागा आहे की झोपलेला हे कळत नाही. कूस बदलताना धरलेला श्वासही ते इमानेइतबारे श्वासरोध म्हणून लिहून ठेवते. म्हणून कार्ड जरूर पाहावे, पण पूर्ण रात्रीची सरासरी न पाहता पहिल्या तासाचा आलेख उघडून पाहावा, आणि शेजारी झोपणाऱ्या माणसाची साक्ष त्याच्या बरोबरीने ठेवावी. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. अर्भकांच्या झटक्यांचे चित्रण करून आणा, असे मी आयांना आवर्जून सांगतो. पंचावन्न वर्षांच्या अर्भकालाही तोच नियम लावायला हरकत नसावी.

याहून गंभीर बाब गोळीची. झटक्यांसाठी मला एकाने झोपेची सौम्य गोळी सुचवली होती, आणि ती टेबलाच्या खणात येऊनही पडली होती. झटका नुसता उंबरठ्यावरचा असेल, तर गोळीने कदाचित बरेही वाटले असते. पण घसा मिटून आलेला असेल, तर तो झटका हीच त्या क्षणी शरीराने स्वतःच्या बचावाची केलेली हालचाल असते. शामक गोळी ती मंद करते आणि श्वासरोध लांबवू शकते. आपल्याकडे गोळीची जागा 'झोपेपुरती' घेतलेल्या फेणीने किंवा उन्हाळ्यात हुर्राकाने भरून काढली जाते. तिचाही परिणाम घशाच्या स्नायूंवर तोच. आधी श्वास की आधी झटका, हे विचारल्याशिवाय यातली कोणतीही चिठ्ठी लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुपारच्या झोपेबद्दल लिहिले नाही तर हा लेख गोव्यातला ठरणार नाही. जेवणानंतर आरामखुर्चीत, मान छातीवर टाकून, अर्थातच मास्कविना घेतलेली तासभराची वामकुक्षी हा आपला जन्मसिद्ध हक्क. मात्र त्या तासात श्वासरोध मोकाट असतो, आणि रात्रीची झोपेची भूक मेल्यामुळे उंबरठ्यावरच्या येरझाऱ्या वाढतात. मी दुपारची झोप सोडलेली नाही. ती अर्ध्या तासावर आणली आणि मास्क लावून पलंगावर घेऊ लागलो. पाहुण्यांना ते दृश्य विचित्र वाटते खरे.

लहान मुलांविषयी दोनच वाक्ये, नाही तर माझ्या शाखेचा अपराध होईल. मुलांत ताशी १ हूनही अधिक वेळा श्वास अडणे हे गैर मानतात. घोरणारे मूल दिवसा पेंगत नाही, ते चिडते, चुळबुळते, आणि शाळेतून तक्रार येते 'लक्ष देत नाही' अशी. बहुतेकांत उपाय टॉन्सिल आणि ॲडिनॉइड काढण्याचा असतो, जरी २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४६४ मुलांच्या अमेरिकी अभ्यासात शस्त्रक्रियेविना केवळ लक्ष ठेवलेल्यांपैकीही ४६ टक्के मुलांची तपासणी सात महिन्यांत सुधारलेली दिसली, शस्त्रक्रिया झालेल्यांत ७९ टक्के.

सी-पॅपची भलामण करताना अतिशयोक्ती होऊ नये. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतातील रुग्णही सामील असलेल्या २७०० हून अधिक जणांच्या चाचणीत सी-पॅपमुळे हृदयविकार आणि पक्षाघात कमी झाल्याचे सिद्ध झाले नाही. दिवसाची पेंग मात्र कमी झाली. या निष्कर्षाच्या पोटात दुसरा एक आकडा आहे, त्याकडे मी लक्ष वेधू इच्छितो : त्या रुग्णांनी यंत्र रात्री सरासरी ३.३ तासच वापरले. रात्री किमान चार तास, आणि दहांपैकी सात रात्री, हा समाधानकारक वापराचा रूढ निकष. सरासरी तेथपर्यंतही पोचली नाही. यंत्र तोंडावर राहील की कपाटात जाईल याचा निकाल पुष्कळदा पहिल्या एक-दोन आठवड्यांतच लागतो. आणि नेमक्या त्याच आठवड्यांत आपल्या रुग्णाला कोणी वाली नसतो. तपासणी एका शहरात, यंत्राची विक्री दुसरीकडून, दाब ठरविणारा तज्ज्ञ तिसरीकडे, आणि झटके इब्रामपूर-हणखण्यात, रात्री अकरा वाजता. विक्रेत्याला मी दूरध्वनी केला तेव्हा त्याने मास्कचा दुसरा आकार घेऊन पाहा असे सुचवले. त्याचा दोष मी मानत नाही. झटक्याचा प्रश्न विचारणे हे त्याचे काम नव्हे, आपले आहे.

माझ्या यंत्राचे पुढे काय झाले ते सांगतो. पत्नीने कालनिर्णयाच्या चौकटींत, दुधाच्या हिशेबाशेजारी, 'श्वा' आणि 'झ' अशी अक्षरे मांडायला सुरुवात केली. आठवडाभराचे ते पान आणि कार्ड घेऊन मी तज्ज्ञाकडे गेलो. त्यांनी पहिल्या तासाचा आलेख उघडला, सुरुवातीचा दाब ४ वरून ७ केला आणि रॅम्प पाच मिनिटांवर आणला. पंधरा दिवसांत 'श्वा' दिसेनासा झाला. 'झ' आणखी दोन महिने अधूनमधून येत राहिला. तो का येतो हे ठाऊक झाल्यावर मी उठून न बसता कूस बदलून पुन्हा झोपू लागलो. अलीकडे जागरण झाले तर महिन्यातून एखादा येतो.

माझा दाब मात्र कोणी आपल्या यंत्रावर लावू नये. ४ वरून ७ हा उपाय माझ्या घशाचा. पोट स्तब्ध राहणाऱ्या रुग्णात दाब वाढविल्याने उलटे होऊ शकते.

आपल्या संघटनेला माझी एक सूचना आहे. मधुमेहाची, मोतीबिंदूची शिबिरे आपण दर वर्षी भरवतो आणि ती भरवावीतच. येत्या वर्षी एक रविवार कपाटात गेलेल्या यंत्रांसाठी ठेवू या. पेडणे, डिचोली आणि पलीकडे दोडामार्गातून कोणीही यावे. छातीविकारतज्ज्ञ आणि कान-नाक-घसातज्ज्ञ प्रत्येकी एक, कार्ड वाचणारा एक संगणक, आणि प्रश्न विचारायला मी बसतो. येणाऱ्याने यंत्र, त्यातील कार्ड आणि रात्री शेजारी झोपणारे माणूस अशी तिन्ही बरोबर आणावीत.